पोरांच्या हातचा विस्तव

होळी होऊन गेली की किहीमचा वारा बदलतो. सकाळभर माडाच्या झावळ्या नुसत्या सळसळत असतात, आणि दुपार कलली की समुद्राकडून एकदम ओलसर, खारा वारा अंगणात शिरतो. लेकीच्या घरच्या पडवीत मी बसलेली असते. ओठांवरून सहज जीभ फिरवावी तर मीठ लागतं. चिमटीतही येणार नाही एवढंसं मीठ, पण तेवढं पुरतं. मग ही पडवी, हे माड, हे माझं ऐंशीकडे झुकलेलं वय काहीच उरत नाही. मी धरमतरच्या खाडीकाठी, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या मिठागराच्या बांधावर अनवाणी उभी असते. नऊ-दहा वर्षांची.

पुढे सत्याग्रहाने मिठाचं नाव देशभर गाजलं. त्याच्या काही वर्षं आधीचा तो हंगाम. आमची वस्ती आगरी लोकांची. पावसाळ्यात भातशेती आणि दिवाळी आटोपली की मिठागर. पावसाने फुटलेले बांध आधी नीट करायचे, मग वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची. बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून, गाणी म्हणत, ओळीने तुडवत. त्या जमिनीवर पाण्याचा तांब्या उपडा केला तरी थेंब आत मुरत नसे. मग उधाणाची भरती आली की खाडीच्या तोंडाशी असलेली लाकडी उघाडी वर उचलायची आणि पाणी आत घ्यायचं. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात उन्हाने आटत राही, जड होत राही. आणि माघातल्या एखाद्या सकाळी बघावं तर दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर पातळ पांढरी साय धरलेली असे. दुपारपर्यंत तिचे दाणे झालेले. उन्हात ते असे चमकत की डोळे मिटले तरी आत उजेड राही.

दर वर्षी मी तोंडाचा आ करून बघत राही. "आये, ह्ये कुनी केलं?" मी एकदा आईला विचारलं होतं.

"सूर्यानं केलं, वाऱ्यानं केलं," आय म्हणाली. मग तळपायाला पडलेल्या भेगांत तेल जिरवता जिरवता हसली. "आनि थोडं आपल्या पायांनी."

त्या हंगामात मी माणसं काय करू शकतात तेही पाहिलं. तेच सांगायला बसले आहे.

मिठागरात आम्हा पोरांना दोन कामं असत. एक पिण्याचं पाणी फिरवायचं आणि दुसरं विस्तव आणायचा. तंबाखू सगळ्यांकडे असे. आपट्याची पानं वाळवून घरीच विड्या वळल्या जात. विडीला आमच्या बोलीत बिरी म्हणत. पण खाऱ्या हवेत काडेपेटी सर्दावून जाई, आणि पेटलीच काडी तर वाऱ्यापुढे टिकत नसे. वाफ्यात गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस हाक मारी, "ए पोरी, बिरी पेटवून आन गं!" आणि आम्ही विडी घेऊन पळत सुटत असू. चूल खोपटापाशी. निखाऱ्यावर विडी टेकवायची, पण नुसती टेकवून ती पेटत नाही, ओढावी लागते. पेटवली तरी वाटेत विझते. विझू द्यायची नसेल तर येताना पुन्हा पुन्हा ओढावी लागते. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मोठ्या माणसाच्या हातात विडी पेटलेली पोचली की काम झालं.

पहिल्यांदा धूर घशात गेला तेव्हा मी खोकून खोकून बांधावरच बसले होते, आणि बाकीची पोरं माझ्याकडे बघून पोट धरून हसली होती. पुढे सवय झाली. कुणाची विडी किती लांब न विझता जाते याच्या आमच्या पैजा लागत. घरी बायका सकाळी चुलीत तंबाखू भाजून तिची मशेरी करत, स्वतःचे दात घासत, आणि तेच काळं बोट मांडीवरच्या पोराच्या हिरड्यांवरूनही फिरवत. दात दुखत नाहीत म्हणून. पोर गप्प राही, आईला काम करता येई. याला व्यसन म्हणतात हे आमच्या वस्तीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाण्यात मासे असतात तशी घरात तंबाखू.

विस्तव आणण्यात सगळ्यात पटाईत होती माझी चुलत बहीण बारकी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, काडीसारखी, बांधावरून पळताना पायच दिसत नसत तिचे. तिचा बाप म्हणजे माझा गोमाकाका. तो आमच्या टोळीचा मुकादम, आणि साऱ्या गावात त्याच्याइतका विडी ओढणारा दुसरा नव्हता. उंच, काळाकभिन्न, छातीचा भाता. आवाज दिला तर खाडीपलीकडे ऐकू जाई. "माज्या बारकीच्या हातची बिरी वादलात बी इजत न्हाय," असं तो सगळ्यांना सांगे. आणि बारकी त्याच्यापुढे अशी ताठ उभी राही, जशी काही गादीवर बसवलेली राणी.

ती विड्यांची थोटकं उचलून ओच्यात ठेवते हे मला माहीत होतं. सकाळी मशेरी मिळाली नाही तर चिडचिड करते, तिला अलीकडे जेवण जात नाही, हेही आम्ही बघत होतो. पण बघणं म्हणजे कळणं नसतं.

फाल्गुनातली दुपार होती. पहिल्या मोठ्या राशी लागल्या होत्या. उघाडीजवळ दाऊद नाखव्याचा मचवा लागला होता आणि पाट्यांनी मीठ भरणं चाललं होतं. दाऊद नाखवा खाडीपलीकडच्या मुसलमान मोहल्ल्यातला. आमचं मीठ त्याच्या मचव्यातून मुंबईला जाई, आणि त्याची माणसं नि आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नाकार्यात जात-येत. मी पाण्याचा हंडा घेऊन चालले होते. पुढे बारकी चालली होती. चालता चालता ती थांबली, जणू कुणी हाक मारली म्हणून. मग गुडघ्यांतून वाकली आणि बांधावर पडली.

मी ओरडले. सगळे धावले. पोरीचा चेहरा मिठासारखा पांढरा, अंगभर घामाच्या धारा, हात गार. ती ओकत होती आणि डोळे वर जात होते. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं खाजणातलं काहीतरी बाधलं. गोमाकाका तिला मांडीवर घेऊन नुसता "बारके, बारके" करत होता. तेवढ्यात नागीकाकी, म्हणजे बारकीची आई, गर्दीतून पुढे आली. तिने पोरीचा जबडा दाबून उघडला, गालात बोट घातलं आणि तंबाखूचा मोठा ओला गोळा बाहेर काढला.

तो तिने काकाच्या डोळ्यांपुढे धरला. काकाची तंबाखूची चंची पोरीच्या ओच्यात सैल सुटलेली होती. सकाळी त्यानेच ती बारकीकडे सांभाळायला दिली होती.

डॉक्टर खाडीच्या खालच्या अंगाला, मोठ्या गावात. पायवाटेने जायचं तर संध्याकाळ झाली असती. दाऊद नाखवा मचव्यावरून उतरून आला होता. त्याने पोरीकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. थोड्या वेळात पाणी उतरलं असतं आणि मचवा चिखलात बसला असता.

"तिला मचव्यात घाला," तो म्हणाला.

"नाखवा, मीठ अर्धंच भरलंय," कुणीतरी म्हणालं.

"मीठ ऱ्हाऊ दे. पानी चाललंय. खुदाच्या वास्ते, आधी पोरीला आना!"

काका तिला घेऊन चिखलातून मचव्यात चढला, काकी मागोमाग. शीड उभं राहिलं, वल्ही पडली, आणि अर्धा भरलेला तो मचवा ओहोटीच्या ओढीने असा निघाला की बघता बघता वळणाआड गेला. आम्ही किनाऱ्यावर उभे.

बारकी वाचली. डॉक्टरांनी पोट साफ केलं, रात्रभर तिच्यापाशी बसले. दोन दिवसांनी त्याच मचव्यातून ती परत आली तेव्हा तिचं डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि काका तिचा एवढासा परकर हातात घडी करून धरून बसला होता.

त्या संध्याकाळी देवळापुढच्या पटांगणात सगळे जमले. मी आयच्या मागे उभी राहून ऐकत होते. पुरुषांचा एकच सूर होता: पोरं मातली आहेत, त्यांना धाक पाहिजे. तंबाखूला हात लावील त्याच्या हाताला चटका द्या म्हणे. एकाने तर आपल्या पोराला तिथेच दोन लगावल्या. आम्ही पोरं एकमेकांना चिकटून उभी होतो.

तेव्हा नागीकाकी उठली. बायका अशा बैठकीत बोलत नसत; ऐकत आणि घरी जाऊन बोलत. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, आणि तिचा आवाज पहिल्यांदा इतका बारीक निघाला की मागच्यांनी "काय? काय?" केलं.

"मी म्हनते, पोरांना मारून काय व्हनार?" ती म्हणाली. "बिरी तिच्या हातात कुनी दिली? आपुनच दिली. पेटवून आन, कुनी सांगलं? आपुनच सांगलं. मशेरीचं बोट तिच्या तोंडात मीच घातलं, ती दुधावर व्हती तवापासून. चटका द्याचा तर माज्या बोटाला द्या आदी."

तीच पुढे म्हणाली, "मला दुसरं काय न्हाय पायजे. ज्याला बिरी वडायची त्यानं आपल्या पायांनी ईस्तवापाशी जावं. पोराच्या हातात न्हाय द्याची. वाण्याकडं पोराला न्हाय धाडायचं. आनि आमी बायका पोरांच्या तोंडात मशेरी न्हाय घालनार. बास."

पुरुषांतून हसू फुटलं. एक म्हातारा, ज्याला आम्ही सगळे आज्जा म्हणत असू, गुडघा चोळत म्हणाला, "अगो, माजा पाय बघ. मी ह्या बांधावरून ईस्तू आनाया जाऊ?"

"आज्जा, वडायची तुमाला हाय ना?" काकी म्हणाली.

पुन्हा हसू, पण या वेळी बायकांमधून. मग वाद झाला. कामाचा खोळंबा होईल, दिवसभर माणसं चालतच राहतील, पोरं तरी दुसरं काय करतात. सगळं बोलून झाल्यावर लोकांनी गोमाकाकाकडे पाहिलं. मुकादम तो; तो नाही म्हणाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो बसल्या जागेवरून उठला. त्याचा तो खाडीपलीकडे जाणारा आवाज त्या दिवशी घोगरा येत होता.

"बिरी सुटंल का मना म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "खोटी शपथ देवाम्होरं मी खानार न्हाय. पन पोराच्या हातून ईस्तू आता न्हाय. माज्या न्हाय, कुनाच्या न्हाय."

दाऊद नाखवा कडेला बसला होता. तो म्हणाला, "गोमाभाऊ, आमच्या मोहल्ल्यात पन ह्येच चालतं. बच्चे हुक्का भरून देतात. जुम्म्याला मी जमातीत बोलतो. खाडी एकच हाय, इकडचं पोर तिकडं येऊन पिनार असंल तर काय फायदा?" आणि गावातला एकुलता एक वाणी, कच्छी शेठ, जो अशा वेळी नेहमी मागच्या मागे सटकत असे, तो डोकं खाजवत म्हणाला, "बरू. छोकरा तंबाखू लेवा आला तर मी नाय देणार. मोटा माणूस येऊन घेऊन जा." त्याचा धंदा कमी होणार होता हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि त्या माणसाचं मला नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी उघाडीजवळच्या खोपटाशी एक मोठं मडकं मांडलं गेलं. त्यात दिवसभर निखारे. ज्याला विडी ओढायची त्याने तिथे जायचं, मग तो कुणी असो.

त्यानंतरचे दिवस माझ्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत. पांढरं शुभ्र मिठागर, वर आग ओकणारं आभाळ, आणि त्या लांबलचक बांधावरून एकेक माणूस विस्तवाकडे चाललेला. ज्यांना आम्ही कधी जागचं हललेलं पाहिलं नव्हतं, ज्यांच्या नुसत्या हाकेने आम्ही पळत असू, ती माणसं स्वतः उठून चालत होती. आमच्यासाठी! गोमाकाकाच्या फेऱ्या सगळ्यात जास्त. त्याची उंच, थोडी पुढे झुकलेली आकृती दिवसातून कितीदा तरी त्या बांधावर दिसे. येताना कधी विडी वाऱ्याने विझे. तो थांबे, विडीकडे बघे आणि मुकाट्याने परत फिरे. हाक नाही. कधीच नाही.

आज्जाने एकदा चोरून एका पोराला खूण केली. त्याच्याच म्हातारीने ते पाहिलं. ती डोक्यावरची पाटी खाली ठेवून आली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला धरून विस्तवापर्यंत चालत नेलं. दोघं इतकी हळूहळू चालली होती की सगळे काम थांबवून बघत राहिले. पुढे ते रोजचं झालं. त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं.

आम्ही पोरं सुरुवातीला बावरलो. हातांना सवय होती, जिभेलाही. बारकी तर कितीतरी दिवस रात्रंदिवस रडत होती, भांडत होती, हिरड्यांवर स्वतःचंच बोट घासत होती. नागीकाकी तिला कोळशाची पूड आणि आमच्याच वाफ्यातलं मीठ दात घासायला देई आणि जवळ घेऊन बसे. पण त्या दिवसांत एक झालं. कुठलंही पोर कुठेही थोटूक उचलताना दिसलं की कुणीही बाई बांधावरून हाक मारी, "टाक ते!" पोर कुणाचं, आगऱ्याचं की मोहल्ल्यातलं, कुणी विचारत नसे. एवढे डोळे आपल्यावर आहेत याचा धाक वाटायला हवा होता. मला उलट पांघरूण घातल्यासारखं वाटे.

आता किहीमच्या शाळेच्या वाटेवर टपरी आहे. तिच्यापुढे रंगीत पुड्यांच्या माळा लटकत असतात, आणि दप्तर पाठीवर घेतलेली पोरं तिथे घुटमळतात. मी मास्तरीण होते, माझ्याने राहवत नाही. काठी टेकत जाते, टपरीवाल्याला बोलते, पोरांना नाव विचारते. ती पळून जातात. येणारे-जाणारे बघतात आणि पुढे जातात. मी एकटीच बांधावर उभी आहे असं वाटतं. तेव्हा कळतं, त्या वर्षी आमच्या गावाने केवढी मोठी गोष्ट केली होती.

गावाच्या त्या ठरावाची कसोटी त्याच वर्षी चैत्रात लागली.

मिठागराचा मालक ठाण्याकडे राही. त्याच्या वतीने दिवाणजी येत. काळी टोपी, छत्री, पायात करकर वाजणारे जोडे. वाईट माणूस नव्हता, पण हंगाम कुणाला द्यायचा, कुणाचा काढायचा हे त्यांच्या शब्दावर ठरे. त्या दुपारी ते राशीच्या सावलीत तिपाईवर बसले होते. खिशातून विडी काढली, काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मी पाणी घेऊन समोरून चालले होते.

"ए मुली, इकडे ये," ते म्हणाले. "जा, एवढी विडी पेटवून आण."

त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. मोठ्या माणसाने दिलेली वस्तू मी घेतली. आणि मग माझे पाय उचलेनात. जावं तर गावाने ठरवलेलं मोडतं. न जावं तर दिवाणजी. त्या एवढ्याशा विडीचं वजन मला हंड्यापेक्षा जास्त वाटलं.

"उभी काय राहिलीस? जा!"

मी आयकडे पाहिलं. आय लांबच्या वाफ्यात लाकडी फळीने मीठ ओढत होती. तिने पाहिलं आणि ती थांबली. तिच्या शेजारची थांबली. मग त्या पलीकडची. दिवसभर मिठागरात फळ्यांचा एक खरखर आवाज चालू असतो. तो असतो हे आम्हाला माहीतही नव्हतं, तो बंद पडला तेव्हा कळलं. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. मचव्यावरचे खलाशी उभे राहिले. साऱ्या मिठागरात वाऱ्याखेरीज काही हलत नव्हतं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे होते. माझ्याकडे. एका पोरीकडे.

"काय झालं? काम का थांबलं?" दिवाणजी उठून उभे राहिले.

बांधावरून गोमाकाका आला. हातातली फळी त्याने खाली ठेवली. माझ्या बोटांतून ती विडी अलगद काढून घेतली, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"दिवानजी, पोरांच्या हातून आमी ईस्तू आनत न्हाय," तो म्हणाला. "तो तिकडं उघाडीपाशी हाय. चला, मी येतो तुमच्यासंगती."

"मग तूच आण की."

"ज्याला वडायची त्यानं जायाचं, असं गावानं ठरवलंय. आमच्या म्हाताऱ्यांना बी सूट न्हाय."

दिवाणजींचा चेहरा लाल झाला. "मला शिकवतोस, गोमा? उद्या दुसरी टोळी आणून उभी करीन इथे."

"आना," काका शांतपणे म्हणाला. "याच गावची आनाल न्हायतर पलीकडच्या मोहल्ल्यातली. त्यांचं बी ह्येच ठरलंय."

त्याने विडी तळहातावर ठेवून हात पुढे केला. पुढचा सगळा हंगाम, साऱ्या वस्तीची वर्षाची भाकरी त्या हाताशी होती. दिवाणजींनी विडी घेतली नाही. छत्री उघडली आणि करकर करत निघून गेले.

त्या संध्याकाळी कुणाच्या घरी नीट जेवण झालं नाही. आयने मला जवळ घेतलं. "आये, माजं काय चुकलं का?" मी विचारलं. "न्हाय गं," ती म्हणाली. "तू काय चुकनार? आमी पयल्यांदा बरोबर वागलो, त्याचं भ्या वाटतंय."

सकाळी सगळे मिठागरात गेले. काम सुरू करायचं की नाही कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं वाफ्यांकडेला नुसती उभी होती. पाण्यावर रात्रीतून ताजं मीठ धरलं होतं. ऊन वर आल्यावर दिवाणजी आले. काका म्हणाला, "कुनी बोलायचं न्हाय. कुनी हसायचं न्हाय." दिवाणजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"उभे काय राहिलात? मीठ वाहून जायचंय का?" ते म्हणाले.

फळ्यांची खरखर सुरू झाली. मला वाटलं, आभाळच खाली येऊन पुन्हा वर गेलं.

दुपारी त्यांनी खिशातून विडी काढली. त्यांची नजर सवयीने आम्हा पोरांकडे वळली, माझ्यावर क्षणभर थांबली. मग त्यांनी छत्री उघडली आणि ते बांधावरून निघाले. ओल्या जागी त्यांचे जोडे रुतत होते. कुणी हसलं नाही. विस्तवापाशी आज्जा उकिडवा बसला होता. तो थोडा सरकला आणि त्याने दिवाणजींना जागा करून दिली. दोघं शेजारी शेजारी बसून विडी ओढताना मला लांबून दिसत होते. दिवाणजींच्या मनात रात्रीतून काय आलं असेल ते मला कधीच कळलं नाही. पण एक काळी टोपी घातलेला माणूस माझ्यासारख्या पोरीला काम न सांगता स्वतः उन्हातून चालत गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मिठाची साय बघून वाटायचं तसंच मला वाटलं होतं. हे कुणी केलं?

गाव काही देवांचं झालं नाही. पुरुष विड्या ओढतच राहिले. पुढे काही पोरं मोठी झाल्यावर ओढायला लागलीही. पण आमच्या बरोबरीच्या बहुतेकांनी तंबाखूला हात लावला नाही. बारकी ठणठणीत झाली, पुढे मुरूडकडे दिली तिला, चार पोरांची आई झाली. मी सातवी पास होऊन मास्तरीण झाले. निखाऱ्यांचं ते मडकं मात्र हंगामामागून हंगाम मांडलं जात राहिलं.

गोमाकाकाची विडी सुटली नाही. तिने त्याची छाती खाल्ली. एकेकाळी खाडीपलीकडे जाणारा आवाज उंबऱ्यापलीकडे जाईना झाला. शेवटच्या उन्हाळ्यात त्याचे पाय गेले, तेव्हा मी भेटायला गेले होते. तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता, बोटांत न पेटवलेली विडी. चूल आत, चार पावलांवर. अंगणात नातवंडं खेळत होती. एकेक जण धावत जवळून जाई, आणि काका त्याच्याकडे बघून हसे, पण विडी पुढे करत नसे.

बारकी माहेरी आली होती. डोक्यात पांढरे केस दिसायला लागलेली, थोराड बाई. तिला ते बघवेना. ती बापापाशी बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "बा, दे इकडं. मी आनते पेटवून."

काकाने विडी मुठीत मिटून घेतली.

"न्हाय गो," तो म्हणाला. "तू पोर हाईस माजी."